नमन आणि गाऱ्हाणं पुढच्या पिढीच्या हाती कसं द्यावं? सेंट पॉलचे ह्मोंग लोक पाहून पडलेला प्रश्न

जैतापूरकर_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यातला, जैतापूर खाडीकाठच्या एका गावचा. प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त. गावच्या नमन मंडळात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याच्या मंडळात, मृदुंग वाजवतो. माझे वडीलही वाजवत. प्रश्न गावचाच आहे, पण पडला अमेरिकेत, म्हणून आधी तिथलं सांगतो.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात बरेच महिने होतो. शेजारी एक ह्मोंग कुटुंब. हे लोक लाओसच्या डोंगरातून आलेले. घरातल्या आजोबांशी माझी चांगली गट्टी जमली. ते ह्मोंग भाषेत बोलायचे, नात इंग्रजीत सांगायची, लेक मला मराठीत. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संघटनेने लाओसमध्ये जनरल वांग पाओ यांच्या हाताखाली ह्मोंग लोकांची फौज उभी केली होती. अमेरिकेतल्या सामान्य माणसाला या लढाईचा पत्ताही नव्हता. मे १९७५ मध्ये सगळं कोसळलं. लाँग चेंगच्या तळावरून विमानाने थोडेच निघू शकले. बाकीचे जंगलातून चालत, मेकाँग नदी ओलांडून थायलंडात पोचले. नदीत किती गेले त्याला हिशेब नाही. आजोबा त्या वाटेने आलेले. बान विनाईच्या छावणीत काही वर्षं काढली, आणि तिथून थेट मिनेसोटाच्या बर्फात.

त्यांच्या परसात मिरची, कोथिंबीर, मोहरीचा पाला, गवती चहा. आमची ही तिथेच रमली. चहात घालायला पात रोज मिळायची.

आजोबांची भावजय वारली तेव्हा त्यांनी आम्हालाही बोलावलं. परक्याच्या मयताला जावं की नाही, मी घुटमळत होतो. आजोबा म्हणाले, माणसं जितकी जास्त तितका तिचा मान. शुक्रवारी सुरू झालेला विधी सोमवारी दफन होईपर्यंत चालला, रात्रीसुद्धा. जागा म्हणजे याच कामासाठी ठेवलेला मोठा हॉल. मागे स्वयंपाक चालू, बायका सोनेरी-रुपेरी कागदाच्या घड्या घालून माळा करतायत, पुरुष गुडघे टेकून एकमेकांना वाकून नमस्कार करतायत. एका बाजूला टांगलेला ढोल आणि त्याच्या जोडीला केंग.

केंग हे फुंकून वाजवायचं वाद्य. लाकडाची पोकळ कुपी, तिच्यात बसवलेल्या बांबूच्या सहा लांब नळ्या. श्वास सोडला तरी वाजतं, आत ओढला तरी वाजतं, त्यामुळे सूर तुटत नाही. वाजवणारा वाकतो, गिरक्या घेतो, ढोलाभोवती फिरतो, आणि वाजवणं अखंड चालू. मी जन्मभर मृदुंगामागे बसलेला माणूस, मला दुसरं काही दिसेना. नात हळूच म्हणाली, केंग नुसता वाजत नाहीये, बोलतोय. त्यांच्या भाषेत शब्द कोणत्या सुरात उच्चारला यावर अर्थ ठरतो. म्हणून सुरातूनच वाक्यं होतात, आणि ती गेलेल्या माणसाला उद्देशून असतात. जमलेल्यांतल्या जाणत्यांनाच ती पुरती कळतात.

त्याआधी एका वयस्कर माणसाने वाट दाखवण्याचं गाणं म्हटलं होतं, ‘खुआ के’. गेलेलं माणूस आयुष्यात जिथे जिथे राहिलं ती सगळी ठिकाणं त्यात उलट्या क्रमाने येतात. सेंट पॉल, त्याआधीचं शहर, थायलंडची छावणी, मग लाओसमधली एकेक वस्ती, आणि शेवटी जन्मगाव, जिथे तिची वार पुरली होती. प्रत्येक जागच्या राखणदारांचे आभार मानून आत्म्याने पुढे जायचं. मला तिथे बसल्या बसल्या आमचं देवाला घालायचं गाऱ्हाणं ऐकू येऊ लागलं. ग्रामदेवता, चव्हाटा, वेस, दर्याकाठ, एकेका ठिकाणाचं नाव घेऊन घातलेली हाक, आणि मागून सगळ्या गावाचं ‘व्हय म्हाराजा’.

केंग वाजवणारा मुलगा विशीतला. एरवी गोदामात कामाला जातो. त्याच्या मागे दोन शाळकरी पोरगे रात्री उशिरापर्यंत मांडी घालून बसले होते. काय करतायत म्हणून विचारलं, तर शिकतायत.

आता आमच्याकडचं. गाऱ्हाणं घालणारे आमचे आबा ऐंशीच्या पुढे आहेत. मुलगा ठाण्याला, नातू पुण्याला. बाराच्या बारा नमनं न अडखळता म्हणतील अशी माणसं गावात बोटावर मोजण्याइतकी. संकासुराच्या सोंगाला पोरगे हौसेने तयार होतात, गवळणीला होतात, पण मागे उभं राहून म्हणणारं कोणी नाही. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊन जीव तोडून नाचवतात. देवळाच्या जीर्णोद्धाराला कोणी हात आखडला नाही. त्यांच्या भक्तीत काही उणं नाही, हे मी मनापासून सांगतो. पण सुट्टी संपते, गाडी भरते, आणि आबांच्या ओट्यावर शिकायला कोणी बसत नाही.

तेव्हा विचारायचं हे की, देश गेलेल्या, छावणीत राहिलेल्या, परक्या भाषेच्या मुलखात मजुरी केलेल्या लोकांना हे कसं जमलं? शिकवणारे आणि शिकायची सवड कुठून आणली? दुसरं, आबांचं गाऱ्हाणं लिहून घ्यावं का, फोनवर भरून ठेवावं का? गावातल्या काही मोठ्यांचं म्हणणं आहे की ते कागदावर उतरवू नये. ज्यांनी असे लोक जवळून पाहिलेत त्यांनी कृपया लिहावं.

---

सुरंगीचो_वळेसर

गुरुजी, नमस्कार. मी शिरोड्याची, वेंगुर्ले तालुका. लग्नानंतर इकडे आले आणि सेंट पॉलच्या एका इस्पितळात नर्स आहे. तुमचं वाचून कामावरून आल्या आल्या लिहायला बसले.

आमच्याकडे ह्मोंग पेशंट रोजचे. कित्येकांच्या मनगटाला पांढरे दोरे असतात. माणूस घाबरला, पडला, आजारी झाला की त्याचा आत्मा शरीरापासून दूर भटकतो असं ते मानतात. त्याला परत बोलावण्याचा विधी करतात आणि मग घरचे सगळे एकेक दोरा बांधून आशीर्वाद देतात. आपल्याकडे दृष्ट काढतात, अंगारा लावतात, त्या घरात वाढलेल्या मुलीला हे समजायला कोणी शिकवावं लागलं नाही. दोरे कापायचे नाहीत, अगदीच गरज पडली तर आधी विचारायचं. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावच्या इस्पितळाने तर २००९ मध्ये ह्मोंग शामनना, म्हणजे विधी करून बरं करणाऱ्यांना, त्यांना ‘त्सी नेंग’ म्हणतात, पेशंटजवळ येऊन विधी करायची रीतसर परवानगी दिली. त्याआधी तिथल्या डॉक्टरांनी आणि त्या लोकांनी एकमेकांवरच्या अविश्वासात पुष्कळ वर्षं घालवली होती.

बाळंतिणीचं ऐका. इथे बाळ झाल्याबरोबर आईपुढे बर्फाचं पाणी येतं. ह्मोंग बाई ते तोंडाला लावत नाही. तिची सासू किंवा आई घरून डबा आणते, पाल्याची औषधं घालून उकडलेली कोंबडी, तिचा गरम रस्सा आणि भात. महिनाभर तेच, थंड काही नाही. माझ्या आईने मला आळीव आणि डिंक चारला तेव्हा मीसुद्धा इथल्याच खाटेवर होते. अमेरिकेत जन्मलेली, फाड फाड इंग्रजी बोलणारी, बँकेत काम करणारी मुलगीसुद्धा तो महिना पाळते. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता तुमचा खरा प्रश्न. शिकवणारे कुठून आले म्हणाल तर, गुरुजी, ते आधी एकत्र राहायला आले. सुरुवातीला या लोकांना अमेरिकाभर विखरून ठेवलं होतं. एकेका चर्चने एकेक कुटुंब आणायचं, कोण कुठल्या राज्यात पडेल सांगता येत नसे. सरकारचा विचार असा की वेगवेगळे राहिले तर लवकर मिसळतील. पण काही वर्षांत लोकांनी आपली बोचकी उचलली आणि नातेवाइकांच्या जवळ गेले. कोणी फ्रेस्नोला, कोणी विस्कॉन्सिनला, कोणी सेंट पॉलला. नोकरी, घर, सगळं पुन्हा शून्यातून, पण कुळाजवळ. त्यांची अठरा कुळं. वांग, श्योंग, ली, मुआ, थाव अशी. एका कुळात लग्न होत नाही, आपल्या गोत्रासारखं. एखाद्याकडे मयत झालं की सगळं कुळ उभं राहतं, स्वयंपाक, पैसे, माणसं. म्हणूनच एवढा मोठा विधी पेलतो. सोमवारी दफन म्हणजे शनिवार-रविवार हाताशी, नोकरदारांना येता येतं, आणि त्या हॉलची तारीख मिळायला काही आठवडे थांबावंही लागतं. लाओसमध्ये शनिवार-रविवार कोणी पाहिला होता? वेळ बदलली, जागा बदलली, विधी आखडला नाही.

आणि केंगवाल्याशिवाय मयत पुढे सरकत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. पोरगे शिकतात कारण उद्या आपल्या आजीच्या वेळी कोणीतरी लागणार हे घरात रोज बोललं जातं. नव्या वर्षाच्या सोहळ्यात, इथे तो पीक निघाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास असतो, पोरगे स्टेजवर केंग घेऊन कोलांट्या मारतात, टाळ्या घेतात. त्यातले थोडेच पुढे मयताचं वाजवणं शिकतात, पण आले ते त्याच दाराने. माझ्या मैत्रिणीच्या मुलीनेसुद्धा हातात केंग घेतलाय. पूर्वी ते फक्त पुरुषांचं होतं.

लिहून ठेवण्याबद्दल. ह्मोंग भाषेला आपल्यासारखी जुनी वापरातली लिपी नव्हती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशनऱ्यांनी रोमन अक्षरांत ती बसवली. पुढे १९५९ मध्ये शाँग लू यांग नावाच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्याने एकट्याने स्वतंत्र लिपी तयार केली. १९७१ मध्ये त्याला मारून टाकलं, लिपी मात्र अजून शिकतात. छावणीतले लोक अमेरिकेतल्या नातलगांना कॅसेटवर बोलून निरोप पाठवायचे. वाट दाखवण्याचं गाणंही आता लिहिलेलं मिळतं. वह्या आहेत, फोनवर आहे. तरी शिकताना गुरूपुढे बसून तोंडानेच घ्यावं लागतं. लिहिल्याने त्यातला देव निघून गेला असं मला इथे कोणी बोललेलं ऐकू आलं नाही. आबांना सांगा.

सगळं छान आहे असं मात्र समजू नका. कितीतरी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांच्याकडे केंग वाजत नाही, आणि एकाच घरात दोन तऱ्हा झाल्या की मयताच्या दिवशी फार कठीण जातं. मुलं आजीचं बोलणं समजतात, उत्तर इंग्रजीत देतात. मयताचा खर्च एवढा होतो की दिवस कमी करावेत का यावर जाणत्यांमध्येच वाद चालतात. माझ्या वॉर्डात एक म्हातारी नातवाला दोन वाक्यं सांगायला दुभाष्याची वाट बघत बसते. ते पाहिलं की मी घरी येऊन माझ्या मुलाशी मालवणीतच बोलते, त्याने कुठल्याही भाषेत उत्तर देऊ दे.

---

थळ_नवगाव

गुरुजी आणि ताई, दोघांचंही मन लावून वाचलं. मी अलिबागची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचले असं आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. तेलाचा घाणा, शनिवारची सुट्टी, म्हणून शनवार तेली. आडनावं गावांवरून. १९४८ नंतर आमच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. माझी चुलत भावंडं अश्दोदला आहेत. तेव्हा जाऊन टिकवणं काय असतं ते मी दोन्ही टोकांनी पाहिलंय.

ताईंचं एक म्हणणं मला पूर्ण पटत नाही, की ज्याच्यावाचून अडतं ते टिकतं. आमचा मलिदा बघा. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे आमच्या संदेष्ट्याचं, नाव घेऊन. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात. इस्रायलमध्ये मलिद्यावाचून कोणाचं काही अडत नाही. तिथल्या धर्मगुरूंना तो माहीतही नव्हता. उलट सुरुवातीला आमच्या लोकांशी लग्न लावायलाच तिथे शंका काढली गेली, मोर्चे आणि धरणं धरावी लागली, १९६४ मध्ये ते मिटलं. अशा वेळी माणूस आपली वेगळी रीत सोडून इतरांसारखा होऊ पाहील, नाही का? आमच्या बायकांनी सोडली नाही. नारळ मिळेना तर मिळेल ते खोबरं घातलं, पण मलिदा केला. त्यांना तो हवा होता म्हणून तो राहिला. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या रथाची खूण असलेला खडक आहे, तिथे अजून इस्रायलहून बसेस भरून माणसं येतात.

गेलं ते वाचणं. माझ्या वयाची माणसं तिथे मराठी बोलतात, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं. नातवंडांना त्यातलं अक्षर लागत नाही. आमच्या जुन्या मराठी कीर्तनांच्या चाली ज्यांना येत होत्या ती माणसं एकेक करून गेली, आणि पुष्कळशा चाली त्यांच्याबरोबर गेल्या. म्हणून गुरुजी, हात जोडून सांगते, आबांचं भरून घ्या. उद्या नको, या आठवड्यात.

आणि फक्त आबांचं नको. तुमच्या गावात भात लावताना, जात्यावर, बाळाच्या पाचवीला म्हणणाऱ्या बायका असतील. मंडळ, मृदुंग, पालखी हे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे काळजी त्याचीच होते. ह्मोंग बायकांचं भरतकाम मी एका प्रदर्शनात पाहिलं, पांदाउ म्हणतात. पूर्वी त्यात नुसत्या नक्ष्या असायच्या. छावणीत बसून त्यांनी त्यात विमानं, सैनिक, नदीतली माणसं भरली. आपल्या लोकांवर काय ओढवलं ते त्यांनी सुईने सांगून ठेवलं. गुरुजींच्या सौभाग्यवतींना काय काय येतं, तेही इथे लिहा.

---

नालासोपारा_जाखडी

गुरुजी, पाया पडतो. मी तुमच्याच तालुक्यातला, आजोबा गिरणीत होते. लालबागला आमच्या गावची खोली होती, वीस-पंचवीस जण राहायचे, खानावळीत जेवायचे, आणि गणपतीच्या आधी महिनाभर खोलीतच जाखडी, म्हणजे आमच्या नाचगाण्याची तालीम, बसायची. जो नवीन येईल तो आपोआप शिकायचा. गिरण्या गेल्या, खोली गेली, आता कोणी दिव्याला, कोणी विरारला, कोणी पनवेलला. ताईंनी लिहिलं की ते लोक विखुरले होते आणि मग मुद्दाम एकत्र आले. ते वाचून पोटात गलबललं. आमचं बरोबर उलट झालं.

आम्हाला शिकायचं नाही असं नाहीये. मी सकाळी सहाची लोकल पकडतो, रात्री नऊला घरी. शिमग्याला चार दिवस रजा मिळते ती पालखीत जाते, आणि त्या दिवसांत आबांनाच कुठे वेळ असतो? तुम्हीच इकडे या. पावसाळ्यात गावात मंडळाचं काम नसतं. एखाद्याच्या घरी राहायची सोय आम्ही करू. दर रविवारी हॉल घेऊ. त्या मुलीने केंग घेतला ना, मग आमच्या वाडीच्या मुलींनाही बसू द्या. माझी बहीण ढोलकी माझ्याहून चांगली वाजवते, आणि तिला नमनाच्या चाली ऐकून ऐकून पाठ आहेत.

रेकॉर्डिंगला मोठ्यांची भीती मला समजते. देवळातलं गाऱ्हाणं उद्या कोणाच्या रीलवर गाणं लावून फिरलं तर मलाही सहन होणार नाही. त्यावर मंडळाने ठराव करावा. आवाज दोन ठिकाणी ठेवायचा, गुरवांकडे आणि मंडळाच्या सेक्रेटरीकडे. शिकणाऱ्याने तिथे बसून ऐकायचा, फोनवर पाठवायचा नाही.

---

जैतापूरकर_गुरुजी

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आबांकडे जाऊन तुमची उत्तरं वाचून दाखवली. शाँग लू यांगचं दोनदा वाचायला लावलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, देवाला कौल लावून विचारू, पण पोराची अट चांगली आहे, बाहेर जाता कामा नये. कौल मिळाला की मी भरून घेणार, गाऱ्हाण्याच्या वेळी मानकरी ज्या क्रमाने उभे राहतात तो क्रमही लिहून ठेवणार. ठिकाणांची नावं लिहिताना प्रत्येक जागा पोरांना चालत जाऊन दाखवायची असंही त्यांचं म्हणणं आहे. ती जागा पाहिली नाही तर नाव घेताना हाक लागत नाही, म्हणाले. शेजारच्या ह्मोंग आजोबांनाही मी हे कळवणार आहे.

थळच्या ताई, तुमचा निरोप घरात दिला. आमच्या हिच्याकडे पाचवीची आणि लावणीची गाणी आहेत, तिच्या आजीकडून आलेली. मला आजवर त्यातली दोन-चारच ठाऊक होती. काल रात्री जेवणं झाल्यावर ती म्हणत राहिली आणि सूनबाई भरून घेत राहिली. मधेच वीज गेली, तरी थांबल्या नाहीत.

शिरोड्याच्या ताई, त्या केंग शिकवणाऱ्यांपैकी कोणी ओळखीचे असतील तर एवढं विचारा की पहिल्या दिवशी मुलाला काय देतात. वाद्य हातात देतात की आधी शब्द म्हणवून घेतात? आमच्याकडे मृदुंगाचे बोल आधी तोंडी व्हायचे, मी तसाच शिकवणार आहे, पण त्यांची रीत कळली तर हवी आहे.

आणि नालासोपाऱ्याच्या पोरा, लावणी आटपली की मी येतो. बहिणीला पहिल्या दिवसापासून आण. माझ्यासोबत एक मृदुंग असेल, दुसरा तुमच्याकडे आहे का? नसेल तर आताच सांग, शाई भरायला टाकावा लागेल. हॉलचं रविवारचं भाडं आणि स्टेशनपासूनचं अंतर कळव. आबाही येतो म्हणतायत, जिना चढणं त्यांना जमणार नाही, तेव्हा तळमजल्यावरचाच बघ.